शिळा अर्ज

अर्जदारांना नुसतं वाक्य लिहिता येत नसे. समोर कुणीतरी मेहेरबान साहेब लागायचाच. घरमालकाला दोन ओळींची चिठ्ठी लिहायची असली तरी ती 'मेहेरबान घरमालक साहेब यांचे सेवेशी' अशी सुरू व्हायची, मध्ये 'सबब विनंती की' यायचं आणि खाली 'कळावे, अर्जदार'. एकदा दाढ ठणकत होती म्हणून त्यांना रजा हवी होती. त्यांनी अर्ज थेट दाढेलाच केला आणि त्याची एक प्रत माहितीसाठी संपादकांना पाठवली. रजा मिळाली, आणि अर्ज दुसऱ्या दिवशी छापूनही आला.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथंच राहिलं. घर मूळचं मेंढपाळांचं, गाव करमाडच्या पलीकडं. भावकीतली पोरं मेंढरांमागं गेली, हे शाळेत गेले, आणि शाळा संपल्यावर कचेरीच्या कंपाउंडला पाठ लावून अर्जनवीस म्हणून बसले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्यायचे. मोजणीचे, वारसाचे, नवऱ्याने टाकलेल्या बाईचे, विहिरीत पडलेल्या म्हशीचे. पंधरा-सोळा वर्षं हेच केलं. आमचे संपादक कसल्याशा कामासाठी कचेरीत गेले असताना त्या म्हशीचा अर्ज त्यांच्या वाचनात आला. ते तिथंच बाकावर बसून हसले आणि जाताना अर्ज लिहिणाऱ्याला सोबत घेऊन आले. त्या महिन्यापासून चौथ्या पानावर 'अर्जदार हाजिर' हे सदर सुरू झालं. त्यानंतर त्यांना कुणी दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी तेवढी काका म्हणायचे.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमचं कार्यालय होतं. अर्जदारांना टेबल दिलेलं होतं, त्यावर ते डबा ठेवायचे. लिहायला खाली फरशीवर बसायचे, मांडीवर लाकडी फळी घेऊन. कागदाच्या डाव्या बाजूला चांगला वीतभर समास कोरा सोडायचे. कागद तेव्हा मोजून मिळायचा, म्हणून मी नवी नवी असताना एकदा विचारलं, की एवढी जागा वाया का घालवता?

"साहेबाच्या शेऱ्याला सोडावी लागती, ताई," ते म्हणाले. "अजून एकाबी साहेबाचा शेरा आला नाय. पण आपण जागा सोडलीच नाय म्हणून आला नाय, असं नको व्हायला."

हर्सूलला तुरुंगाच्या अलीकडं त्यांच्या दोन खोल्या होत्या. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. रोज सकाळी तुरुंगाच्या भिंतीकडेनं चालत बसथांब्याला येताना आपण सुटलो असं वाटतं, त्यामुळं दिवस बरा जातो, असं ते सांगायचे. लिहिण्याबद्दल त्यांचं एकच मत होतं आणि ते त्यांनी मला शंभरदा ऐकवलं असेल. "अर्जात रडायचं नाय. रडक्याचा अर्ज साहेब गठ्ठ्याच्या तळाला टाकतो. हसला, तर निदान वर ठेवतो." पंधरा वर्षं लोकांची रडगाणी मांडीवर घेऊन ते हे शिकले होते. मला हे तेव्हा फार मोठं शहाणपण वाटायचं. आता वाटतं, की माणसानं थोडं रडून घ्यावं, तळाला तर तळाला.

नव्याण्णव साली कारगिलची लढाई सुरू झाली आणि अर्जदारांचे दिवस आले. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते, पण खरं तेच आहे. सदर आधी आठवड्यातून तीनदा यायचं, ते रोजचं झालं. शहरात तेव्हा ज्याला त्याला डोंगराची उंची पाठ होती. पानटपरीवर उभा राहिलेला माणूस तोफ कुठं लावायची ते चुन्याच्या बोटानं दाखवायचा. गुलमंडीत एका कापडवाल्यानं 'विजय शर्टिंग' म्हणून जुनाच माल काढला. अर्जदारांनी त्याला अर्ज केला, की आपल्या कापडाचा रंग पहिल्या धुण्यात माघार घेतो, तरी नाव बदलावे. शत्रूच्या सेनापतीला केलेला अर्ज तर लोकांनी कापून दुकानांत लावला होता. 'मेहेरबान सेनापती साहेब, आमच्या शहरास नळाचे पाणी दिवसाआड येते व कधी तेही येत नाही. आपण शहर जिंकल्यास टँकरची जबाबदारी आपणावर पडेल. टाकीवर चढून व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या इसमाशी तह करावा लागेल, आणि तो आमचेही ऐकत नाही. सबब विनंती की, पुनर्विचार व्हावा.'

खालच्या हॉटेलातले चहावाले चाचा रोज विचारायचे, "क्या अर्जदार साब, आज किसकू अर्जी?"

"टीव्हीवालेकू," अर्जदार म्हणायचे. "इत्ता चिल्लाता उनो, दुश्मन सुनकेच भाग जाताय. फिर लड़ने के वास्ते पोट्टेयां काइकू भेजते?"

चाचा हसायचे, टेबलावरचे सगळे हसायचे. ते शेवटचं वाक्य अर्जदार हळूच बोलायचे आणि बशीतला चहा फुंकत बसायचे. त्यातलं एक पोट्टं, म्हणजे पोरगं, त्यांच्या घरातलं होतं हे आमच्यापैकी फार कमी जणांना ठाऊक होतं.

गेल्या वर्षी पुन्हा लढाईच्या बातम्या सुरू झाल्या. पुन्हा सगळ्यांना नकाशे पाठ झाले. या खेपेला ते मोबाइलवर होते, एवढाच फरक. आमच्या दैनिकाच्या नव्या संपादकांचा मला फोन आला. मॅडम, त्यांचे ते युद्धातले विनोदी अर्ज तुमच्याकडं असतील, दोन-चार द्या, पुन्हा छापू, लोकांना रिलीफ मिळेल. मी नाहीत म्हणून सांगितलं. आहेत. कपाटात खालच्या खणात आहेत. पण त्या अर्जांवर हसायचं असेल तर त्यातला एक अर्ज आधी सांगावा लागेल, आणि तो सांगणं मला मनापासून नको वाटतं. तरी सांगते, कारण माझ्याशिवाय तो सांगणारं कुणी उरलेलं नाही.

अर्जदारांना एक धाकटी बहीण होती, साळूबाई. गावाशेजारच्याच गावात दिलेली. तिचा थोरला मुलगा किसना फौजेत होता आणि त्या उन्हाळ्यात त्याची तुकडी वर गेली होती. साळूबाईला अक्षरओळख नव्हती. किसनाचं पत्र आलं की ती ते उशाखाली ठेवायची आणि रविवारी भाऊ येईपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. घरात दीर होता, पुतणे होते, शिकलेले होते. पण तिचं म्हणणं, दादा वाचतो तेव्हा किसना बोलल्यासारखं वाटतं. अर्जदार एकेक पत्र तीनतीनदा वाचायचे. एवढ्या बायकांचे अर्ज लिहिलेला माणूस, बहिणीच्या एका पत्रानं दमून जायचा. सोमवारी कार्यालयात आले की म्हणायचे, "काल लई वाचन झालं."

आता शिळ्याबद्दल. रोजचं सदर म्हणजे एखाद्या दिवशी लेखक येत नाही, आजारी पडतो. म्हणून एक जादाचा लेख ट्रेमध्ये ठेवून द्यायची आमच्याकडं पद्धत होती. त्याला आम्ही 'शिळा' म्हणायचो. अर्जदारांना शिळं देणं आवडत नसे. पण रोज लिहून लिहून ते थकले होते, विषय संपत आले होते, आणि एका सोमवारी त्यांनी जो शिळा ट्रेमध्ये टाकला तो पोस्टमनला उद्देशून होता.

'मेहेरबान पोस्टमन साहेब यांचे सेवेशी. अर्जदाराचा भाचा सरहद्दीवर असून त्याने आईस कळविले आहे की, मी मजेत आहे, जेवण उत्तम आहे व कमरेचा पट्टा दोन भोके सरकला आहे. परंतु पट्टा कोणत्या बाजूस सरकला, याचा खुलासा पत्रात नाही. अर्जदाराची बहीण तेव्हापासून एक वेळ भरल्या पोटाने व एक वेळ उपाशी झोपत आहे. सबब विनंती की, पुढील पत्र आणतेवेळी आपण सदर पट्ट्याची समक्ष पाहणी करून यावे.'

मी तो वाचून खूप हसले होते. हे खरंखुरं पत्र आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

पुढं एके दिवशी अर्जदार आलेच नाहीत. आतली पानं आमच्याकडं संध्याकाळी सहालाच छपाईला सुटायची. पावणेसहाला त्यांचा फोन आला, मागं एसटीचा हॉर्न वाजत होता.

"ताई, आज शिळा लावू नका. जागा कोरी सोडा."

"का हो काका? काय झालं?"

"मागून सांगतो. कोरी सोडा, बस."

फोन ठेवला गेला. हे एवढंच. यात न कळण्यासारखं काय होतं, असं मी गेली कित्येक वर्षं स्वतःला विचारते आहे. पण त्यांनी असं आधीही एकदा केलं होतं. नळाला पाणी नाही म्हणून 'आज शाईत घालायलाही पाणी नाही' असं सांगून जागा कोरी सोडायला लावली होती, आणि त्यावरून संपादकांनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं, की कोरं पान विकायला हे दैनिक आहे का वही? त्या दिवशी संपादक जालन्याला गेले होते. विचारायला कुणी नव्हतं. माझी नोकरी कच्ची होती आणि अख्ख्या संपादकीय विभागात मी एकटी बाई. पान लावणारा माणूस दारात उभा राहून घाई करत होता. काकांची काहीतरी लहर असेल, असं मी मनाशी म्हटलं आणि त्याला सांगितलं, "शिळा लावा."

मग मी घरी गेले. पहिलं पान नंतर सुटतं. त्या पहिल्या पानावर किसनाचं नाव आलं.

दुपारीच तहसीलमधून साळूबाईच्या गावात निरोप आला होता, पण तो धड नव्हता. कुणी जखमी म्हणत होतं, कुणी आणखी काही. कळताच अर्जदार तिथं पोचले आणि पुन्हा उलटे करमाडला येऊन त्यांनी एसटीडी बूथवरून मला फोन केला होता. अभद्र आपल्या तोंडून आधी निघू नये म्हणून कारण सांगितलं नाही. रात्री नक्की कळलं. सकाळी साळूबाईचं अंगण माणसांनी भरलं होतं आणि अर्जदार तिथंच भिंतीला टेकून बसले होते. कुणीतरी स्टँडवरून पेपर आणला. दिरानं पहिलं पान मोठ्यानं वाचलं. साळूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादाचंबी वाचा. त्यानं लिवलं आसंल माझ्या लेकराचं."

दिरानं चौथं पान उघडलं. बिचाऱ्यानं आधी नजर फिरवायची होती, ती फिरवली नाही. पट्ट्यापर्यंत वाचलं आणि थांबला.

इकडं सकाळी नऊपासून कार्यालयातले फोन वाजत होते. संपादकांनी मला उभं करून विचारलं, "शिळा कुणी लावायला सांगितला? त्यांचा काही निरोप नव्हता?" मी म्हणाले, "नाही सर. काही निरोप नव्हता." एवढं सहज आलं ते तोंडातून. दुसऱ्या दिवशी चौथ्या पानावर चौकट छापली गेली, की स्तंभलेखकाच्या अनवधानाने सदर मजकूर प्रसिद्ध झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. ती चौकटही साळूबाईच्या अंगणात वाचली गेली.

तेरावा करून अर्जदार परत आले. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. संपादकांनी त्यांना आत बोलावलं, दार उघडंच होतं. "अहो, एक फोन नाही करायचा? एवढं मोठं घडलं आणि तुम्ही एक फोन केला नाही?" अर्जदारांनी वळून दारातून माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, एखाद्या अर्जावर नाव-गाव बरोबर आहे का बघावं तसं पाहिलं. मग म्हणाले, "राहून गेलं, साहेब."

मी त्यांना जिन्यात गाठलं. मी रडत होते. ते म्हणाले, "रडू नका. तुम्हाला अजून पुष्कळ वर्षं काढायचीत हितं."

"मी येते गावाला. साळूबाईंना सांगते सगळं."

"काय सांगता? फोन केलता म्हणून? पोराची राख निवली नाय अजून, आन् मी तिच्यापुढं माझा खुलासा ठेवू?" पायरी उतरता उतरता म्हणाले, "आन् शब्द तर माझेच ना, ताई. तिचं पत्र मीच उचललं. ते तुम्ही कुठं उचललं? जाऊ नका."

मी गेले नाही. त्यांनीच नको म्हटलं, हे कारण मला पहिली काही वर्षं पुरलं.

सदर चालू राहिलं. पण लढाईवर त्यांनी पुन्हा एक ओळ लिहिली नाही, आणि कुणाच्या आईला अर्जात आणलं नाही. खड्डे, डास, लग्नातल्या पंगती. वाचक म्हणायचे, पूर्वीची मजा नाही राहिली. खरंच नव्हती. लोकांना हसवायचं काम त्यांनी पुढं बारा-तेरा वर्षं पाट्या टाकल्यासारखं केलं.

भाऊबीजेला मात्र ते न चुकता गावाला जायचे. साळूबाई पाट मांडायची, ओवाळायची, जेवू घालायची. बोलायची नाही. एक शब्द नाही. दिवाळीनंतर ते कार्यालयात आले की मी डोळ्यांनीच विचारायचे, आणि ते अहवाल द्यायचे. "नाय बोलली. पण पोळीवर तूप दुसऱ्यांदा वाढलं." पुढच्या वर्षी, "भाजीत मीठ कमी व्हतं. मला बीपी हाय हे तिला कुणी सांगितलं, तपास करायला पायजे." एका वर्षी म्हणाले, "यंदा खोकल्याबद्दल बोलली." मी खुर्चीतून उठलेच. तर म्हणाले, "मला नाय, शेळीला बोलली. मी खोकत व्हतो, तर शेळीला म्हणली, आल्याचा रस घ्यावा माणसानं." आणि हसले. मी पण हसले. आता ते हसणं आठवलं की मला स्वतःची शिसारी येते. निवृत्तीनंतर ते हर्सूलहून फोनवर अहवाल द्यायचे. मी ऐकायचे, आणि दरवर्षी ठरवायचे, की यंदा जाऊन सांगायचंच. मग मुलाची दहावी निघायची, सासूबाईंचा गुडघा निघायचा. कारणं मिळतात माणसाला.

ते दुपारी झोपेत गेले, दोन वर्षांपूर्वी, थंडीत. हर्सूलला आम्ही जेमतेम वीस जण होतो. त्यातले चार पेपरवाले, आणि मोटारसायकलवर मागं बसून आलेले चाचा. गावाकडची जीप उशिरा आली. साळूबाई उतरली. सत्तरीची, वाकलेली. भावाच्या डोक्यापाशी उभी राहिली. इतक्या वर्षांचा अबोला, तो त्या क्षणी तरी कसा सुटावा? बायका तिला धरून बाजूला घेऊन गेल्या. मी दहा पावलांवर उभी होते आणि तेव्हाही काही बोलले नाही.

महिन्यानं मी गेले. करमाडला बस सोडली, पुढं रिक्षा केली. साळूबाई अंगणात तूर निवडत बसली होती. मी कोण ते सांगितलं. "पेपरातली व्हय?" म्हणाली आणि पोतं पुढं सरकवलं. मी त्या पोत्यावर बसून सगळं सांगितलं. फोन, सहाची वेळ, शिळा, संपादकांपुढं मी बोललेलं खोटं, सगळं. ती खाली मान घालून तुरीतले खडे बाजूला काढत होती. ऐकते आहे की नाही, तेच कळेना. मग तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजी दादानं फोन केलता?"

"केला होता. जागा कोरी सोडा, म्हणाले होते."

"कवा?"

"आदल्या दिवशी. संध्याकाळी, करमाडहून."

"मंग त्यो एसटीनं करमाडला गेलता, ते ह्याच्यासाठी," ती स्वतःशीच म्हणाली. "मला वाटलं, माझ्यापसून उठून गेला. आन् सकाळी त्ये वाचलं. मला वाटलं, पोरगं गेलेलं ठावं आसून यानं हसायचं छापलं. पत्राचं मला कायबी नव्हतं, बाई. पत्र त्यानंच तर वाचून दिलतं. पर ठावं आसून छापलं, येवढंच धरून बसले मी."

मी म्हणाले, "चूक माझी होती. त्यांनी माझ्यासाठी ती अंगावर घेतली."

तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. माझ्यावर ती चिडली नाही. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि माझ्याकडं वळून, एखाद्या शेजारणीला विचारावं तसं तिनं विचारलं,

"त्याच्या जित्तेपणी का नाय आलीस गं? येकदा बोलले आसते त्याच्यासंगं."